श्री. नवजात वराह पिल्ले सुनावणीस हजर राहू शकत नसल्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
अमली द्रव्ये नियंत्रण कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४ च्या मागील खोली.

विषय : वरील गृहस्थ अस्तित्वात नसल्याबाबत, आणि आपल्या कपाटातील एक लहान बाटली दि. १ एप्रिलपूर्वी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ४ मार्चचा अर्ज. २) आपली दि. १८ मार्चची नोटीस. ३) आपल्या समुपदेशकांनी दि. २० मार्च रोजी आमच्या प्राणीगृहास दिलेली भेट.

महोदय,

१. मी संशोधन संस्थेत वरिष्ठ प्रयोगशाळा सहायक असून गेली एकोणीस वर्षे फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडेच आहे. आजवर माझा एकही फॉर्म परत आलेला नाही. हे बढाई म्हणून नाही, पुढील मजकूर समजावा म्हणून लिहिते.

२. आमच्या प्रयोगासाठी कॅनाबिडिओल नावाचे द्रव्य मागवण्यात आले. ते गांजाच्या झाडातून निघते, परंतु त्याने नशा चढत नाही. झाड बदनाम असल्यामुळे ते आपल्या कपाटात सीलबंद आहे. याबद्दल तक्रार नाही, कायदा आहे.

३. आपल्या फॉर्मच्या रकाना क्र. ६ मध्ये 'ज्यांच्यासाठी द्रव्य हवे त्यांचे पूर्ण नाव' असे विचारले आहे. आमचा प्रयोग डुकराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवर आहे. सरकारी कागदावर 'डुक्कर' कसे लिहायचे, या संकोचाने मी शुद्ध भाषेत 'नवजात वराह पिल्ले' असे लिहिले. चूक असलीच तर ती एवढीच. सरळ डुक्कर लिहिले असते तर ही वेळ आली नसती.

४. आपल्या कार्यालयाने यातून नाव नवजात, वडिलांचे नाव वराह आणि आडनाव पिल्ले असा अर्थ काढला. दि. १८ रोजी 'श्री. नवजात वराह पिल्ले' यांच्या नावे नोटीस निघाली, की आपणांस सदर द्रव्याचे सेवन कशासाठी करावयाचे आहे, याचा खुलासा दि. १६ एप्रिल रोजी ओळखपत्रासह समक्ष हजर राहून करावा. मी त्याच दिवशी खिडकी क्र. ४ वर धावले. तेथील लिपिकसाहेबांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले, फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, नाव आहे, आडनाव आहे, वडिलांचंही नाव आहे. मग माणूस नाही म्हणता कसं?" महोदय, मी माझाच फॉर्म पुन्हा पहिल्यापासून वाचून पाहिला. एकोणीस वर्षांत असे प्रथमच झाले.

५. वय या रकान्यात मी 'एक दिवस' लिहिले होते. त्यामुळे अर्जदार अज्ञान असल्याचे आपल्या ध्यानात आले आणि आईचे संमतीपत्र मागवण्यात आले. वजन 'दीड किलो' असल्याने नोटिशीची एक प्रत बालपोषण विभागाकडे गेली. त्या विभागाने तत्परतेने दुधाच्या भुकटीचे दोन डबे पाठवले आहेत. इतक्या झटपट सरकारी काम झालेले मी पाहिलेले नाही. डबे सोबत परत करीत आहे.

६. दि. २० रोजी आपले समुपदेशक श्री. पिल्ले यांचे व्यसन सोडवण्यासाठी आले. मनुष्य अत्यंत सज्जन. त्यांनी प्राणीगृह सांभाळणाऱ्या काकांना विचारले की मुलाला हा नाद कधीपासून आहे. काकांनी सांगितले की मूल अजून पोटात आहे. यावर समुपदेशकांचे डोळे भरून आले आणि आईला भेटण्याची त्यांनी इच्छा व्यक्त केली. काकांनी त्यांना खोली क्र. ३ पाशी नेले. आई त्या वेळी कुशीवर पडून घोरत होत्या. समुपदेशक चहा न घेता गेले. त्यांनी अहवालात काय लिहिले हे मला माहीत नाही, पण कृपया तो वाचावा.

७. तरीही कार्यालयाचा मान राखून संमतीपत्र घेण्याचा प्रयत्न केला. काकांनी आईच्या पुढच्या पायाला शाई लावून ठसा घेतला आहे. कागदाचा उजवा कोपरा व शाईचे पॅड आईंनी खाल्ले. त्यांची तब्येत ठीक आहे.

८. आता सुनावणीविषयी. आई दि. १ एप्रिलच्या सुमारास विणार आहेत. ही तारीख मी थट्टेसाठी ठरवलेली नाही, डुकरिणीचे दिवस भरायला तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस लागतात. म्हणजे दि. १६ रोजी पिल्लू पंधरा दिवसांचे होईल आणि त्यास नवजात म्हणता येणार नाही. नावात बदल करून घ्यावा, तर त्यास सहा महिने लागतात असे खिडकी क्र. ७ वर समजले. सहा महिन्यांत ते पिल्लूही राहत नाही. नाव आणि आडनाव दोन्ही गेल्यावर उरतो तो नुसता वराह, म्हणजे आपल्या नोंदीप्रमाणे त्यांचे वडील. मग सुनावणी नेमकी कोणाची घ्यायची, याचे मार्गदर्शन व्हावे.

९. येथवर मी हसत लिहिले. हसले नसते तर खिडकीवरच रडले असते.

१०. जन्मताना बाळाला प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला इजा होते. बाळ रडले, श्वास सुरू झाला, की आपण सुटलो म्हणतो. पण मेंदूतली मोठी पडझड त्यानंतर काही तासांनी सुरू होते. ती थांबवायला आज एकच खात्रीचा उपाय आहे, बाळाला तीन दिवस गार ठेवणे. काहींना तो पुरतो, काहींना पुरत नाही. त्या गारव्याच्या जोडीला हे द्रव्य दिले तर आणखी काही वाचते का, हे आम्हाला पाहायचे आहे. इतर ठिकाणच्या प्रयोगांतून आशा दिसते. खात्री नाही. खात्री असती तर प्रयोग कशाला केला असता?

११. पिल्लांना पूर्ण भूल दिली जाते, त्यांना काही कळत नाही. प्रयोगानंतर ती जगत नाहीत. हे मी लपवत नाही, आणि मला ते सोपे जात नाही. नैतिक समितीची परवानगी सोबत आहे. मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र दुसऱ्या संस्थेने आम्हाला फक्त दि. १० एप्रिलपर्यंत वापरायला दिले आहे. ते गेले की पुन्हा आमची पाळी दोन वर्षांनी. दि. १६ ची सुनावणी म्हणजे आमच्या दृष्टीने दोन वर्षे.

१२. दोन वर्षांसाठी मला एवढी घाई का, असे आपण विचाराल. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सहा वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा सात मिनिटे रडली नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दाराबाहेर उभी होते. तिलाही गार ठेवले, आणि त्यानेच ती आज आहे, याबद्दल मी त्या डॉक्टरांची जन्मभर ऋणी आहे. ती दिवसभर बडबडते, भांडते, मावशीच्या पाठीवर चढून बसते. फक्त उजवा हात तिचे ऐकत नाही. त्याला ती 'आळशीबुवा' म्हणते. तिच्यासाठी आता या बाटलीचा काही उपयोग नाही, हे मला पक्के माहीत आहे. ही घाई तिच्यामागून येणाऱ्यांसाठी आहे.

१३. तरी विनंती की, (अ) श्री. नवजात वराह पिल्ले यांचे नाव आपल्या नोंदवहीतून कमी करावे, (आ) जेथे जेथे ते आले असेल तेथे 'डुकराचे पिल्लू' असे वाचावे, आणि (इ) बाटली दि. ३१ मार्चपर्यंत माझ्या ताब्यात द्यावी. मोजून, सील तपासून, हव्या तितक्या सह्या घेऊन द्यावी. मी खिडकीसमोरच्या बाकावर रोज सकाळी कार्यालय उघडल्यापासून बसलेली असेन.

१४. हा अर्ज लांबला याची क्षमा असावी. येथपर्यंत वाचायला आपल्याला साधारण सात मिनिटे लागली असतील. तो वेळ केवढा असतो, हे आपल्याला कळावे म्हणूनच मी काटछाट केली नाही.

आपल्या एका सहीसाठी थांबलेली,
वरिष्ठ प्रयोगशाळा सहायक
(सही)
दि. २३ मार्च

सोबत :
१) नैतिक समितीची परवानगी, मूळ प्रत.
२) यंत्र परत करण्याच्या तारखेचे पत्र.
३) आईच्या खुराचा ठसा (उजवा कोपरा नाही).
४) दूध भुकटीचे डबे, दोन, न उघडलेले.
५) डुकराच्या पिल्लाचे रंगीत चित्र, एक. श्री. पिल्ले यांच्या ओळखपत्रास छायाचित्र हवे असे घरी बोलले गेले, म्हणून भाचीने काढून दिले. डाव्या हाताने काढले आहे. कागद आळशीबुवाने धरून ठेवला होता, सबंध वेळ. काम झाल्यावर हे चित्र मात्र परत मिळावे.