तिसरी रांग, दुसरा बाक

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.१०
शनिवारी पालकसभा. माझी पहिली. मोठ्या बाई माझ्या मागे खुर्ची टाकून बसणार आणि मग ठरवणार, मला कायम करायचं की घरी पाठवायचं. घाबरायचं कारण नाही. कॅलेंडरवर तारखेला तीनदा लाल गोल केला तो नुसता आठवणीसाठी.
संकल्प: रोज पाचला उठणे. (उद्यापासून.)

दुपारी
गणिताच्या बाई म्हणाल्या, अहो सर, तीन आठवडे झाले, आधी नावं चेहऱ्यांसकट पाठ करा. जुनी पिढी! माझ्याकडे सिस्टीम आहे. वर्गाच्या दाराला तक्ता आहे, कुठल्या बाकावर कोण. मी बाक बघून निरीक्षण टिपतो. चाळीस मुलं, चाळीस कार्डं. हाक मारायला ‘बाळ’ पुरतं. आपुलकीही वाटते.
आज पहिल्या तासाला मुलं सगळी दप्तरं उचलून इकडची तिकडे करत होती. सोमवारचा उत्साह. मी हजेरीपटातून मान वर केली नाही.

बुधवार, १०
एकतीस कार्डं तयार. चौथी रांग, शेवटचा बाक: नुसती पळापळ, धक्काबुक्की. वडिलांना खडसवायचं.
तिसरी रांग, दुसरा बाक: काय पोरगी आहे! हात सतत वर. एकेक प्रश्न असा की वर्ग हसून लोळतो. मीही हसलो असतो, पण पोझिशन आहे.

शुक्रवार, १२. संध्याकाळी
आरशासमोर स्मिताची प्रॅक्टिस. आई म्हणाली, दाढ दुखतेय का रे? इस्त्रीने कॉलर जळली. उद्याला मी पूर्ण तयार आहे.

शनिवार, १३. सकाळी ८.५५
मोठ्या बाई मागे बसल्या. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. दाराबाहेर रांग.

दुपारी १.३०
पहिले पालक पोलीस. मी ठणकावून सांगितलं, मुलाची पळापळ आवरा. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, त्याचा पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये आहे, तो घरीच असतो. मागे पेन चालू. मी म्हटलं, मी मनाच्या पळापळीबद्दल बोलतोय. छान सावरलं. (त्याच्या नंबरला रोज ‘हजर’ कोण म्हणतं, ते सोमवारी बघतो.)
पुढच्या आठ जणांनी ‘कोण, आमचा?’ असं विचारलं. आईबापांना स्वतःची मुलं ठाऊक नसतात, वाईट वाटतं.
मग तिसरी रांग, दुसरा बाक. एकटी आई आली. कपडे शिवते, बोटाला चिकटपट्टी. मी सगळं सांगितलं: हात वर, प्रश्न, हशा. ती म्हणाली, सर, परत एकदा सांगा ना. परत सांगितलं. वडील गेल्यापासून पोर घरात चकार शब्द काढत नाही म्हणे. डोळे पुसत, हात जोडून गेली. मागचं पेन थांबलं होतं. जिंकलो!

४.००
मोठ्या बाईंनी कार्डं मागून घेतली.
गणिताच्या बाईंनी सांगितलं, तक्ता जूनचा आहे. दर सोमवारी प्रत्येक जण एक बाक मागे सरकतो, सगळ्यांना फळा दिसावा म्हणून. शिपायालाही माहीत आहे. मला कुणी लेखी कळवलं नव्हतं. चूक ऑफिसची.

रविवार, १४
त्या आईला फोन करून खरं सांगायचं. तीनदा फोन उचलला. रेंज नव्हती. म्हणजे, होती.

सोमवार, १५
मोठ्या बाई म्हणाल्या, कायम करायचं तूर्त राहू दे, आणखी तीन महिने बघू. ठीक आहे.
मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. मान खाली. इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. म्हणाली, सर, तुम्ही आईला सांगितलंत ती मी नाही. मी म्हटलं, आजच फोन करून तुझ्या आईची माफी मागतो. तर घाईघाईने म्हणाली, नको, नको! आई दोन दिवस मशीनवर गाणं म्हणतेय. मी करीन तसं. रोज एकदा हात वर करीन. तुम्ही फक्त मलाच विचारा.
मी म्हटलं, नक्की विचारीन. पण विचारायचं तर हाक मारायला हवी, आणि ‘बाळ’ म्हटलं की चाळीस जण उठतात. कार्डं मोठ्या बाईंकडे.
शेवटी तिलाच विचारलं, तुझं नाव काय? तिने सांगितलं. ऐकू आलं नाही. फार लाज वाटली, पण परत विचारलं.