साथ कुणी आणली?

सोलापूर, बुधवार

प्रिय अमरेश,

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि पाचव्या वाक्याला तू फोन ठेवतोस. म्हणून हे लिहिते आहे. कुरियरनं टाकते, शुक्रवारी हुबळीत तुझ्या हाती पडेल. रविवारी तू निलूला न्यायला येणार आहेस. वसतिगृहाच्या शाळेत प्रवेश पक्का झाल्याचा तुझा मेसेज मी तिला दाखवलेला नाही. पण तू पाठवलेली नवी बॅग घरात आल्यावर दहा वर्षांच्या पोरीला वेगळं काय सांगायचं? ती त्या बॅगेला वळसा घालून चालते. रागावलास तरी चालेल, पण हे शेवटपर्यंत वाच.

तिला घरी शिकवण्यावर तुझा राग आहे, आणि त्यातही इतिहासावर जास्त. गणितात ती वर्गातल्या पोरांच्या पुढेच आहे, तूच तपासलंस. इतिहासाचंही सुरुवातीला मी तुझ्या मनासारखंच केलं होतं. पाठ्यपुस्तक, रोज दोन पानं, खाली प्रश्नोत्तरं. ती पुस्तक उघडायची, सनावळ्यांवरून नजर फिरवायची आणि हात धुवायला उठायची. तासाभरात चारदा. बोटांची सालं निघत होती तेव्हा तिच्या. मला वाटायचं, अभ्यास टाळते. एकदा मी तिचा हात धरून खाली बसवलं, तर अंग चोरून म्हणाली, "मला शिवू नको की." मी ते हट्टात जमा केलं.

दिवाळीनंतर दिपालीला बाळ झालं, म्हणून आम्ही दोघी कुंभारीला गेलो. कॉलेजातली माझी मैत्रीण, कामगार वसाहतीत राहते ती. निलू घरात आलीच नाही. ओढणी तोंडाला लावून उंबऱ्याबाहेर उभी राहिली, चहासुद्धा तिथंच घेतला. परत येताना गावाच्या कडेला, लिंबाखाली मरीआईचं ठाणं लागलं. शेंदूर फासलेले दोन दगड. निलूनं विचारलं, ही देवी गावाबाहेर का? मी सहज म्हणाले, पूर्वी पटकीच्या, देवी रोगाच्या साथी यायच्या. साथ वेशीवरच अडावी म्हणून लोकांनी तिला इथं बसवली. ती थबकली. "अडायची का मग?" सिटी बस समोरून निघून गेली तरी तिचे प्रश्न थांबेनात. किती जण गेले, कुठून आली, कळायचं कसं. शाळा सुटल्यापासून तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तेव्हाच ठरवलं, पोरीला जिथं ओढ आहे तिथूनच तिचा इतिहास सुरू करू.

आणि अमरेश, ती शिकली रे. साथीमागून साथ वाचत गेली. प्लेग कुठल्या बंदरात उतरला हे शोधताना जहाजं आली, रेल्वे आली, इंग्रज आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या मानमोडीच्या तापापाशी, म्हणजे इन्फ्लूएंझापाशी, युद्धच समजून घ्यावं लागलं. सात रस्ता चौकात राहणारे पंचाक्षरी सर, निवृत्त झालेले, दर गुरुवारी तिला नकाशा घेऊन बसवायचे. सनावळ्या तिला आता न शिकवता येतात. आत्यांनीही त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. तुझ्या आई एरवी बोलायला लागल्या की थांबत नाहीत, पण त्या दिवशी सावकाश, आठवून आठवून सांगत होत्या. "उंदीर पडला की गाव उठायचं बघ. भांडीकुंडी हाय तशी टाकायची, रानात झोपड्या घालायच्या. घरं मोकळी, कुत्री तेवढी हितं." निलूनं सगळं उतरून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या आजीच्या घरात साथ पहिली कुणी आणली?" आत्या हसल्या. "कुणी आणली म्हंजे? रोग काय कुणाचं बोट धरून येतोय व्हय?" निलू हसली नाही. तिनं पेन्सिल तशीच धरून ठेवली.

तिच्या त्या न हसण्यापाशीच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. गुढीपाडव्याला तू आलास, तिची वही उघडलीस, मेलेल्यांचे आकडे पाहिलेस आणि वही पलंगावर फेकलीस. म्हणालास, "इतिहास शिकवतेस की पोरीला मसणात बसवतेस?" मीही नको ते बोलले. म्हणाले, लेकरू गेलं आणि तू अकराव्या दिवशी बदली मागून पळून गेलास, मसणाची भीती तुला आहे, तिला नाही. तू गेल्यावर मी ती वही पहिल्यांदा नीट वाचली. प्रत्येक साथीला एक पान. कधी, कुठं, किती. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिनं आखलेली एक ओळ, "कुणी आणली". प्लेगापुढं "जहाज". मानमोडीपुढं "सैनिक". बाकी ठिकाणी प्रश्नचिन्ह. शेवटच्या पानावर फक्त नाव होतं, "गोवर". खाली सगळं कोरं.

मी वही मिटून जागेवर ठेवली. विचारायचं धाडस झालं नाही. आपल्या घरात मंजूचं नाव घेऊन दोन वर्षं होत आली, अमरेश. चौदा महिन्यांचं लेकरू, निलूचा भाऊ गेला आणि आपण त्याचं पाळण्यातलं नावसुद्धा गिळून टाकलं. निलूला शाळेतून गोवर आला, आठ दिवसांत ती उठली. मग मंजूला आला, छातीत उतरला, आणि तो उठला नाही. एवढंच आपल्याला ठाऊक होतं, आणि एवढ्यावरच आपण दार लावून घेतलं. त्यानंतर निलू शाळेच्या फाटकाशी ओकायला लागली. आपण डॉक्टर केले, दृष्ट काढली, बाईंना भेटलो. कुणी मारतं का, कुणी चिडवतं का, सगळं विचारलं. शेवटी घरी बसवली. ती शाळेला का घाबरते, हे आपल्यापैकी कुणालाच सापडलं नाही.

परवा सोमवारी सकाळी आम्ही प्लेगाच्या लसीबद्दल वाचत होतो. लोक सुईला घाबरायचे, लपून बसायचे, कुणी म्हणे पोरं पोत्यात घालून ठेवली होती. मी वाचत होते आणि ती मध्येच म्हणाली, "मला गोवराची लस दिली होती?" मी म्हटलं हो. "मंजूला?"

गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, मी उठले नाही. खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हणाले असते तर वही तिथंच मिटली असती. पण सहा महिने मी तिला एकच गोष्ट शिकवत होते, की जे झालं ते झालं तसंच लिहायचं. मी कपाटातून मंजूचं लसीचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. नवव्या महिन्याची चौकट रिकामी आहे. तुलाही ठाऊक आहे ती. त्या आठवड्यात तू म्हणालास, सर्दी उतरू दे. नंतर मी म्हणाले, माहेरचं, मोहोळचं लग्न उरकू दे. मग आपण दोघंही विसरलो. मी तिला अगदी असंच सांगितलं, तुझं नाव वगळलं नाही आणि माझंही नाही. डोस दिला असता तर तो नक्की वाचला असता, असं मी म्हणाले नाही, कारण ते मला माहीत नाही. पण तो डोस आमच्याकडून चुकला, निलू, तुझ्याकडून काहीच चुकलं नाही, हे म्हणाले.

ती बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग बाबा तसं का म्हणाले?" मला कळेना. तिनं सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, मंजूला कापडात गुंडाळून आणलं तेव्हा, तू आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालास, हिनंच शाळेतून आणलं, हिनंच त्याला खाल्लं. कानडीत म्हणालास. मी शेजारीच उभी होते. मोहोळची मी, माझं कानडी जेवणा-पाण्यापुरतं. मला तुझं रडणं तेवढं ऐकू आलं. पण निलू आत्यांच्या मांडीवर कानडी शिकली आहे. तिला एकेक शब्द कळला.

मी आत्यांना विचारलं. त्या पदरात तोंड घालून बसल्या आणि म्हणाल्या, "दुःखात माणूस काय बी बोलतंय गं, त्याला तरी कुटं आठवत आसंल?" खरंच असेल. तुला आठवतही नसेल. मी सोमवारी तुझ्यावर इतकी चिडले होते की हे पत्र तेव्हाच लिहिलं असतं तर तुला ते वाचता आलं नसतं. दोन दिवस थांबले. तूही त्या दिवशी बाप होतास, हे मला स्वतःला समजवावं लागलं.

काल आम्ही पुन्हा कुंभारीला गेलो. निलू स्वतः म्हणाली जाऊ या. उंबऱ्यापाशी थांबली, आत आली, दिपालीच्या शेजारी बसली. दिपालीनं बाळ निलूच्या मांडीवर दिलं. निलूनं श्वास रोखून धरला होता, मला दिसत होतं. बाळानं तिचं बोट पकडलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "धरू?" मी मान हलवली. घरी आल्यावर हात धुतले, पण एकदाच.

वसतिगृहाचा निर्णय आपण दोघं मिळून करू. कदाचित जूनमध्ये ती आपण होऊन इथल्याच शाळेत जाईल, कदाचित आणखी वर्ष लागेल. त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. शेवटच्या पानावर तिनं काल साक्षीदारांची नावं लिहिली आहेत. आजी, आई, बाबा. आजीचं आणि माझं विचारून झालं. रविवारी ती वही घेऊन तुझ्यापुढं बसणार आहे आणि विचारणार आहे, साथ कुणी आणली. तू बेसावध सापडू नयेस, चिडू नयेस, उठून बाहेर जाऊ नयेस, म्हणून हे आधीच कळवते आहे. मी तिला सांगायचं ते सांगितलं, पण माझ्या सांगण्यानं पुरं होत नाही. तिनं ऐकलं होतं ते तुझ्या तोंडून, आणि तुझ्या भाषेत. आत्यांकडून मी दोन शब्द शिकले, "निन्न तप्पल्ल". तुझी चूक नाही. ते तिला तू सांग. कानडीत सांग.

वाट पाहणारी, तुझीच,
भुवनेश्वरी