मागच्या पडवीतली दोरी

मिठबाव,
ता. २१ मार्च १९५८

प्रिय गुरुदास,

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. बाबांची कंबर बरी आहे, कलमं यंदा छान धरलीत, द्राक्षासवाचं मोठं पिंप आंबून फुकट गेलं आणि विमलाला तोंडवलीला माहेरी धाडलं. धन्य आहे रे तुझी! बायकोला घराबाहेर काढल्याची बातमी आंब्यांच्या बातमीखाली लिहितोस? विटाळशी असताना तिने पिंपाला हात लावला म्हणून आसव नासलं, असं बाबा म्हणतात. ती आता या घरात नको, असंही म्हणतात. आणि तू काय म्हणतोस? पत्र दोनदा वाचलं, मला कुठे सापडलं नाही.

परवा मी तोंडवलीला जाऊन आले. विमला अंगणात झावळं विणत बसली होती. ती रडली नाही, म्हणून मलाच रडू आवरेना. एवढंच म्हणाली, "माका कोणी इचारूकच नाय." गुरुदास, ती पिंपाकडे फिरकलीसुद्धा नव्हती. चारही दिवस मागच्या पडवीत बसून होती. तिचं खरं आहे हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते आता सांगते.

आई गेली तेव्हा मी चौदाची, तू बाराचा. बाबांच्या वैद्यकीसाठी लागणाऱ्या आसवाचं काम माझ्या गळ्यात पडलं. घाटावरून द्राक्षांच्या पेट्या यायच्या, मी द्राक्षं चुरडायची, बाबा गूळ, मध, धायटीची फुलं मोजून घालायचे. दारूबंदीचा शिपाई येऊन परवाना बघायचा आणि जाता जाता नाकाने पिंपाचा वास ओढायचा, आठवतं? आसव फसफसायला लागलं की साली वर येऊन घट्ट थर धरतात. तो थर रोज दोनदा दांड्याने खाली ढकलायचा. नाही ढकलला तर वरच्यावर सुकतो, बुरशी येते आणि सगळं पिंप आंबतं. माझ्या चार दिवसांत हे काम बाबांचं. पण कुणी रोग्याचं बोलावणं आलं की ते निघायचे, पिंप राहायचं तसंच. पहिल्याच वर्षी दोन पिंपं ओतून टाकली. खापर माझ्यावर. माझी सावली पडली म्हणे!

मी मनात म्हटलं, थांबा. विहिरीवर भांडी घासताना लोटा पालथा बुडवला आणि कलता केला की आतली हवा भक्कन वर येते, पाणी ढवळून निघतं. आसवातून तर रात्रंदिवस वायू सुटतच असतो. दुसऱ्या वर्षी पिंप भरताना मी तळाशी एक पसरट मडकं दगड बांधून पालथं ठेवलं. त्याच्या काठाला सुंभाची बारीक दोरी बांधली, ती पिंपाच्या कडेने वर घेऊन कोठीच्या खिडकीतून मागच्या पडवीत काढली. बाहेर बसायची पाळी आली की सकाळ-संध्याकाळ दोरी ओढायची. मडकं कलायचं, आत साठलेला वायू एकदम उसळायचा आणि सालींचा थर फुटून भिजून निघायचा. पडवीत बसून मला तो आवाज ऐकू यायचा. काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

बाबा परत येऊन पिंपावरचं फडकं उचलून बघायचे, तर साली ओल्याचिंब. येईल त्याला सांगत सुटले, "आमचा आसव जिवंत आसा, आपसूक कूस बदलता." घरात सोवळं नीट पाळलं की असं होतं, म्हणे. मला हसू यायचं आणि संतापही यायचा. पण आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. दहा वर्षं गप्प बसले.

गेल्या वैशाखात माझं लग्न ठरलं तेव्हा मागे कुणाच्या हाती लागू नये म्हणून मडकं फोडून टाकलं, दोरी चुलीत घातली. मार्गशीर्षात तुझं लग्न झालं. यंदाचं हे विमलाचं पहिलंच पिंप. तिच्या चार दिवसांत दांडा कोणी फिरवला? कोणीच नाही. आसव आपसूक कूस बदलतं ना! मी एक शब्द बोलले असते तर ती पोर आज घरात असती. हे पाप माझं आहे, तिचं नाही.

बाबांना हल्ली वाचता येत नाही, माझी पत्रं तूच वाचून दाखवतोस. म्हणून तर हे लिहिलं, तुझ्या नावाने, पण त्यांच्यासाठी. एक अक्षर न गाळता वाच. ते चिडतील. चिडू देत, मी दहा वर्षांचं सगळं ऐकून घेईन. आणि आता तुझ्यापुरतं. तू तेरा वर्षांचा असताना विषमज्वरातून उठलास, अन्नाचा कण जात नव्हता, बाबांनी महिनाभर तुला दोन्ही वेळा द्राक्षासव पाजलं आणि तू भुकेने ओरडायला लागलास. ते पिंप मी विटाळशी असताना ढवळलेलं होतं. त्याने तुझ्या अंगातलं काय नासलं ते बाबांना विचार, आणि मग विमलाला आणायला तोंडवलीला जा.

तुझीच ताई,
सुगंधा