तिसऱ्या पेल्यातलं रोप

२ जुलै
सईच्या बाबांचा फोन. चिपळूणला रिक्षा चालवतात. शाळा सोडल्याचा दाखला हवाय, तिकडे इंग्लिश मीडियममध्ये जागा मिळतेय. सई गेली की तिच्या वाडीतली दोघंही जाणार. शाळेतल्या सातांतले उरणार चार. चार पोरांसाठी शाळा कोण चालू ठेवील? १५ तारखेच्या पालकसभेपर्यंत थांबा म्हटलं. सभेत काय दाखवणार आहे मी, डोंबल.

३ जुलै
तिसरी-चौथीचा धडा, सातही जण एकत्र – वनस्पतींच्या गरजा. पुस्तक उघडलंच नाही. खिचडी शिजवणाऱ्या नंदामावशीने तिच्या शेतातली भाताची रोपं दिली. तीन पेले. पहिल्याला उजेड, पाणी दोन्ही. दुसरा कपाटात. तिसऱ्याला पाणी बंद. सईने त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'पाणी घालू नये.' हे तरी नीट होऊ दे.

११ जुलै
कपाटातलं पिवळं पडलं. तिसरं हिरवंगार! सातही वह्यांत एकच निष्कर्ष: 'झाडाला पाणी लागत नाही.' ह्याच वह्या सभेत मांडणार होते. टाकीमागे जाऊन रडले. चाळिशीतली बाई, रोपापायी.

१२ जुलै
सईने तिसऱ्या पेल्यात बोट खुपसलं. "बाई, माती ओली आहे."
कुणी घातलं पाणी? दारातून नंदामावशीच म्हणाली, "मीच घालतंय रोज वायच वायच. पाण्याबिगर रोप सुकत ठेवायचा? माज्यान नाय बगवत, बाई."
रागावणार होते. जमलं नाही. जन्मभर चिखलात वाकून रोपं लावलीयत तिने. आधी समजावून सांगायचं मलाच सुचलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. तिने तिसऱ्या पेल्यासाठी नवं रोप दिलं आणि आत गेली.

१५ जुलै
सभा. आले तिघंच. सईने ओल्या मातीची गोष्ट सांगितली, न पढवता. तिचे बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, वाचलो.
नंतर जवळ आले. "पोरगी हट्टाला पेटलेय. रोप सुकलेला बगून वहीत लिवणार, मगच चिपळूणला येणार म्हणते. तवर थांबतो. सुकला की दाखला द्या, बाई."

२२ जुलै
पानांची टोकं वळली. सईने लिहिलं: 'सुकायला लागले.' नाचली वर्गभर. प्रयोग बरोबर येतोय ना. शाब्बास म्हटलं आणि फळा पुसायला वळले. दाखला लिहून झालाय. सही राहिलीय, ती…

२३ जुलै
मुलं गेली, मावशीही गेली. तिसऱ्या पेल्यात बोट घालून पाहिलं, माती ठणठणीत कोरडी. टाकीवरून तांब्या भरून आणला.
चिठ्ठी सईच्या अक्षरात: 'पाणी घालू नये.' उद्या आल्या आल्या ती आधी मातीत बोट घालणार.
तासभर झाला. तांब्या अजून भरलेलाच आहे.