खांड दिसली तेव्हा

आबा, मला त्या नोकरीचा राग आजही आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून तो मी कमी करणार नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या तुमच्या मुलीने रोह्याच्या कंपनीत अर्जावर 'बारावी पास' लिहिलं, कारण प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला त्यांना जास्त शिकलेली नको होती. केमिस्ट माझ्याहून कमी शिकलेला. तो अडखळला की मी मनातल्या मनात हसायचे आणि हातातली बाटली मुद्दाम सावकाश विसळायचे. सांगितलं तेवढंच करायचं, त्यापलीकडे काडीही हलवायची नाही, असं ठरवूनच मी पेणहून एसटीत बसायचे.

एका सकाळी त्याने चुकून दोन टाक्यांच्या नमुन्यांची अदलाबदल केली. मी बघितलं आणि गप्प राहिले. माल वाया गेला, खापर फुटलं शेजारच्या अष्टमी गावाहून सायकलवर येणाऱ्या, टाक्या सांभाळणाऱ्या ऑपरेटरकाकांवर. त्यांना घरी बसवलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुम्हाला हे तोऱ्यात सांगते आहे, "मला पगार बाटल्या धुवायचा आहे." तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवता.

"मिठागराच्या बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी आत येताना दिसलं, तर मुकादमाला शोधीत जातात काय गो? ज्याला दिसली त्यानं बुजवाची. उद्या जाऊन बोल."

"बोलले तर विचारतील, तुला कसं कळलं? अर्जातलं खोटं बाहेर येईल. आणि तुम्ही जन्मभर खांडी बुजवल्यात, तुम्हाला कुणी मुकादम केलं?"

तो प्रश्न मी मागे घेत नाही, आबा. माणसाला त्याच्या उंचीपेक्षा खाली वाकवून ठेवलं की तो वाकडाच वागतो, आणि पहिला दोष वाकवणाऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दारातच विचारलंत, "बोललीस?" मी म्हटलं, "व्हय." मग तुम्ही अख्ख्या मिठागरात सांगत फिरलात, "माज्या पोरीनं खांड बुजवली." महिन्याभरात मी ती नोकरी सोडली. आता पेणच्या रामवाडीत पाणी तपासायची माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. बाटल्या धुवायला येणाऱ्या मुलीला मी पहिल्याच दिवशी विचारते, खरं शिक्षण किती ते सांग, मी काढून टाकणार नाही.

हे पत्र माझ्या डिग्रीच्या फाइलमध्येच राहील. ऑपरेटरकाका पुन्हा कामावर आले नाहीत. मी बोललेच नव्हते, आबा.