उतरवलेली सिद्धता

१५ जून १९९८, सोमवार
आज जव्हारच्या वसतिगृहात आले. बाबा मोखाड्याला पंचायत समितीत कारकून आहेत, तेच एसटीनं सोडायला आले होते. पत्र्याची पेटी नवी, चादर नवी, आणि खाट खिडकीपाशी मिळाली! बाबांनी अधीक्षिकाबाईंना तीनदा सांगितलं की आमची योगिता पहिल्यापासून हुशार आहे.
मराठीच्या बाईंनी नववीच्या सगळ्यांना रोजनिशी लिहायला सांगितलंय. कोणत्या विषयात काय कळलं आणि काय नाही कळलं, ते खरं लिहायचं. त्या वाचणार नाहीत, आपण आपल्यासाठी लिहायचं. म्हणून लिहिते. इतिहास छान वाटला. विज्ञानात बीजाचे भाग काढले. भूमितीतलं काहीच कळलं नाही, पण मान हलवली.

२७ जून, शनिवार
माझ्या शेजारच्या खाटेवर सकू आहे. तिचा पाडा मोखाड्याच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत, चालत दोन तास. मधे मोठा ओहोळ. घरी दोघीच, ती आणि आई. वर्गात कुणी विचारलं की तिचे नुसते ओठ हलतात. बोललीच तर शब्द घरच्या बोलीतले येतात, मग पोरं हसतात, मग ती गप्प. पण भूमिती तिला अशी येते! काल तिनं अंगणात काटकीनं त्रिकोण काढून मला समद्विभुजाचं प्रमेय शिकवलं. पक्ष, साध्य, सिद्धता. मला निम्मं कळलं. उरलेलं मी पाठ केलं.

२० जुलै, सोमवार
इंग्रजीत काळ चालू आहेत. भूगोलात नकाशा भरला. भूमितीचा गृहपाठ सकूच्या वहीतून उतरवून काढला. तिनंच वही दिली. आठ दिवस हेच चाललंय. लिहायला लाज वाटते, पण बाईंनी खरं लिहा म्हटलंय.

२२ जुलै, बुधवार
आज जे झालं ते लिहायला नको वाटतं.
गणिताच्या सरांनी दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे तीच एक पायरी सुटलेली. कुणी कुणाचं उतरवलं, विचारलं. सकूनं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, सर, माझी वही तिच्याकडे होती.
सर म्हणाले, दोघींनी फळ्यापाशी येऊन सिद्धता सांगा. मी घडाघडा सांगितली. तिनंच शिकवलेली. मग तिची पाळी आली. तिचे ओठ हलले. वर्ग हसला. सरांनी तिला सांगितलं, घरी जा आणि आईला घेऊन ये.
ती सरांच्या टेबलावरून फक्त भूमितीची वही घेऊन निघाली. पाऊस धो धो होता. मी खिडकीतून पाहत होते. हाक मारता आली असती.

२५ जुलै, शनिवार
सकू ओहोळात सापडली. वही मिळाली नाही.
शाळा अर्धी सुटली. मला जेवण गेलं, ही सगळ्यात लाजेची गोष्ट. वरण सांडेपर्यंत वाढून घेतलं.

३ ऑगस्ट, सोमवार
भूमितीचा गृहपाठ मी केला नव्हता. वर्गात वही उघडली तर सगळा केलेला. माझी वही, माझी शाई. अक्षर बारीक, डावीकडे कललेलं. सकूचं.
सरांनी वही वर धरून दाखवली. म्हणाले, एकही पायरी सुटलेली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

४ ऑगस्ट, मंगळवार
ती पानं फाडून चुलीत घातली. दुपारी पुन्हा होती. आता विज्ञानही. इतिहासही. सगळं बरोबर. कागद ओला लागतो, अक्षर फुटत मात्र नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार
आज सरांना सांगायचं ठरवलं. भर वर्गात उभी राहिले. सर, सकूनं नाही, मी— एवढं तोंडात जुळवलं होतं. आवाजच निघाला नाही. नुसते ओठ हलत राहिले. पोरं हसली. सर म्हणाले, तुला काय झालं? बस खाली.
बसले. शेजारी बाकावर ओलं होतं. एकीच्या बसण्याएवढं.

७ ऑगस्ट, शुक्रवार
आज कुठल्याच वहीत अभ्यास केलेला मिळाला नाही. सगळ्या वह्या कोऱ्या. फक्त भूमितीच्या वहीत एक ओळ—
माझे आयेला सांग.

९ ऑगस्ट, रविवार, सकाळ
घरी जाते म्हणून अधीक्षिकाबाईंना खोटं सांगितलं. जीपनं फाट्यापर्यंत आले. पुढे चालत. ओहोळ ओलांडला, पाणी घोट्याएवढंच होतं. एवढ्याशा पाण्यात माणूस कसं—
सांगणार आहे. तोंडानं नाही आलं तर लिहून दाखवीन.

दुपार
सकूच्या घरी आहे. तिची आई, काळी तिचं नाव, अंगणात नागली पाखडत होती. मी पाया पडले आणि रडत सगळं सांगितलं. इथे आवाज आला! उतरवलं मी, खोटं बोलले मी, तिला मी घालवलं.
ती रडली नाही. सूप खाली ठेवलं. म्हणाली, “ठावं हाय. पोरीनं सांगलं. मदी बसलीय, अभ्यास करते. तुझी वाट बघते. जा, तू पन बस.”
मी म्हणाले, मावशी, सकू तर—
तिनं नुसतं दाराकडे बोट केलं.

आत अंधार. शेणानं सारवलेली जमीन ओली. पाण्याचा वास. कोपऱ्यात कुणीतरी पाठमोरं बसलंय. केसांतून पाणी गळतं— टप, टप.
काळीनं बाहेरून दार ओढून घेतलं.

वही माझ्याकडे सरकली. तीच. भूमितीची. हरवलेली. उघडी. बारीक अक्षर.
ती बोट ठेवते ओळीवर. मी उतरवायचं. सगळं. पायरी सोडायची नाही.
हात थांबत नाही माझा—

पक्ष : फाट्यावर उतरली. पाऊस हाय.
साध्य : घरी जायाचं.
सिद्धता : पाणी गुडघ्याला. पाणी कमरेला. वही डोक्यावर धरली. मागं बघलं, कोनी नाय. दगड हलला. पाय निघत नाय. पाणी गळ्याला. योगिता, तू सांगली असतीस तं. पाणी तोंडा