दादाचा दगड उघडा पडला

सोमवार, वैशाख

यष्टीतून पैली उतरली ती माझी नात सुमी, मागून नातजावई पिशव्या घेऊन. लई आनंद झाला! जावई सहकारी साखर कारखान्यात हाय. दुष्काळानं ऊसच न्हाई, म्हणून सुट्टी. त्या निमित्तानं आली तर.

जेवल्यावर म्हणलं, चला, धरणाचं तळं आटलंय, बुडालेलं जुनं गाव दिसतंय. काठच्या वाळूत दादाचा दगड उभा. माझा थोरला भाऊ लढाईतून माघारी आला न्हाई, तवा गावानं त्याचं नाव कोरून लावलेला. पुढं धरणात तोबी बुडाला. दर भाऊबीजेला मी काठावरूनच ओवाळते. आज हात लागला. नावात गाळ भरलेला. सुमीच्या बाटलीतलं पाणी वतून धुतलं.

"आजे, प्यायचं पाणी हाय ते!"

"दादालाबी तहान हाय की गं."

 रिकामी बाटली सुमी घरापत्तुर हातातच धरून होती.

आता मन का खातंय? दगड दिसावा वाटतो, आन् तो दिसतो म्हंजी गाव कोरडं. देवाला मागू तरी काय? ती रिकामी बाटली डोळ्यापुढून जाईना.

भाऊबीजेला येतो म्हणले दोघं. तवर तळं भरू दे, दादा. मी काठावरूनच ओवाळीन.